सात आडव्या काठ्यांचा डायनासोर

पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या बापाचं शेवटचं आजारपण एकाच आठवड्यात आलं तर माणसाने काय करावं, याबद्दल मला गावातल्या निदान वीस जणांनी सल्ला दिला. मी एकालाही विचारलं नव्हतं. आमच्या सांडोर गावात विचारावं लागत नाही. माणूस ओट्यावर डोकं धरून बसलेला दिसला की शेजारच्या वाडीतून कुणीतरी केळीची पानं बाजूला सारत येतंच.

सोमवारी डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. "आता काय हवं ते खायला द्या," असं म्हणाले. हे वाक्य त्यांना शेवटच्या वर्षाला शिकवत असावेत, कारण ते ऐकलं की नातेवाईक पुढचं काही विचारत नाहीत, गुपचूप पिशव्या उचलतात. मीही उचलल्या. गाडीत बाबांना विचारलं, "बाबा, काय खावंसं वाटतंय?" अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. त्यांनी घर येईपर्यंत विचार केला आणि म्हणाले, "डायनासोर."

मला वाटलं, झालं, डोक्यावरही परिणाम झाला. पण माझ्या बायकोला, नेत्राला, बरोबर कळलं. आमच्या रिद्धीने दवाखान्यात आजोबांच्या कानात सांगितलं होतं की आबा, मला वाढदिवसाला आत शिरता येईल असा मोठा डायनासोर पाहिजे, आणि बाबांनी मान हलवली होती. बाबांनी मान हलवली म्हणजे काम झालंच, असं आमच्या घरात मी जन्मायच्या आधीपासून चालत आलंय. वाढदिवस रविवारी होता. रविवारपर्यंत बाबा राहतील का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं, तर ते शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा कागद वाचायला लागले.

म्हणजे सहा दिवसांत डायनासोर उभा करायचा, आणि तो बाबांनी डोळ्यांनी बघायचा. एवढंच काम होतं. हे एवढंच काम माझ्यावर यावं, हीच पंचाईत.

कारण माझ्या हाताला गाठ नाही. हे मी म्हणत नाही, बाबा म्हणतात. नऊ वर्षांचा असताना मी बांधलेली म्हैस पॉलकाकांच्या मुळ्याच्या वाफ्यात सापडली, तेव्हापासून म्हणतात. पुढे मी पदवी घेतली, लग्न केलं, कामणला एका गोदामात डिस्पॅचचा सुपरवायझर झालो. माझ्या नजरेखालून रोज चारशे खोकी भारतभर जातात आणि एकही सुटत नाही. पण ती टेपने चिकटवतात, हे बाबांना कुणीतरी सांगितलं होतं.

बाबांची गोष्ट वेगळी. वाडी त्यांनी केलीच, पण गावात नाव झालं ते बांबूने. लग्नाचा मांडव, घडाने वाकलेल्या केळीला टेकू, पडवीची चौकट, सगळ्याला नरहरीदादा. आणि आमच्या आळीत कुणी गेलं की तिरडीही तेच बांधायचे. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी हात लावला नाही. त्यामुळे झालं काय, की आजारी माणसाला बघायला बाबा गेले की घरचे त्यांना आत घेत नसत, चहा ओट्यावरच आणून देत. बाबांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. ते ओट्यावर बसून बशीतून चहा प्यायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, "आहे अजून आठवडाभर."

मंगळवारी नेत्राने फोनवर बघून बघून यादी काढली. टबात वाळू भरून त्यात डायनासोरची हाडं पुरायची, मुलांनी ब्रशने उकरायची. फुग्यांवर खळीने कागद चिकटवून अंडी करायची. मडक्यात सोडा आणि व्हिनेगर घालून ज्वालामुखी. प्रत्येक मुलाला कापडाची शेपटी.

"शेपट्या कशाला?" आई म्हणाली. "आहेत तेवढी माकडं पुरत नाहीत? आणि घरात माणूस असा पडलेला असताना केक कापायचा? लोक काय म्हणतील, सुशीलाने नवऱ्याच्या उशाशी फुगे बांधले?"

"आई, त्यांनीच मागितलंय," नेत्रा म्हणाली.

"ते काय, मागतील! त्यांना काय होतंय मागायला!" असं म्हणून आई आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

बुधवारी मी रजा टाकली, गोदामाचा टेम्पो घेतला आणि चिंचोटीच्या अलीकडे रस्त्याला एक बांबूवाला बसतो त्याच्याकडे गेलो. यादी वाचून दाखवली. लांब बांबू, काथ्याची दोरी, डोक्यात भरायला पेंढा, दातांसाठी पांढरं कापड, एक मडकं. सगळं त्याच्याकडे होतं. एकाच ठिकाणी एवढं सगळं मिळतंय याचं मला कौतुक वाटलं. ते तसं का मिळतं, याचा विचार मी करायला हवा होता.

"कुणासाठी?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मुलीसाठी."

तो एकदम खाली बसला. "केवढी?"

"पाच. म्हणजे रविवारी पाच पूर्ण होतील."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं हो! त्याने चांगले हिरवे, सरळ बांबू निवडून स्वतः टेम्पोत चढवले, पैसे घ्यायला नाही म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. मी नेत्राला फोन करून सांगितलं की अगं, मुलांच्या वाढदिवसाचं लोकांना केवढं प्रेम असतं, जगात अजून माणुसकी आहे.

मग मी मडकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. मागे बांबू बाहेर आले होते, त्यांच्या टोकांना ड्रायव्हरने फडकं बांधलं. गावात शिरलो तशी माणसं थांबायला लागली. एकाने सायकलवरून उतरून हात जोडले. चर्चवरून येणाऱ्या दोन बायकांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. नाक्यावर कुणीतरी टोपी काढली. मला वाटलं, सुपरवायझर झाल्याची बातमी उशिरा का होईना, पोचली. मी सगळ्यांना मान लववून नमस्कार केला. चेहरा जरा गंभीर ठेवला, कारण मोठ्या माणसाने फार हसू नये.

टेम्पो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. गावाच्या ग्रुपवर श्रीरंगने बाबांचा फोटो टाकला होता. हा श्रीरंग आमच्या आळीतला समाजसेवक. त्याला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय, म्हणून गावात कुणाचंही काही झालं की पहिला मेसेज त्याचा असतो. 'अत्यंत दुःखद बातमी. आपल्या सर्वांच्या शेवटच्या प्रवासाला हात देणारे नरहरीदादा आज आपल्यातून निघून गेले. अंत्ययात्रा चार वाजता.' खाली फुलं, दिवे आणि त्याचा स्वतःचाही एक छोटा फोटो.

मी अंगणात आलो तर पस्तीस-चाळीस माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी. ओट्यावरच्या खाटेवर बाबा उशीला टेकून बसले होते, पायाशी रिद्धी हिरवा कागद कापत होती. पॉलकाकांच्या पत्नी बेटीमावशी जपमाळ हातात घेऊन पायरीवरच अडकल्या होत्या, ना वर येता येत होतं ना खाली जाता. आणि खाटेसमोर श्रीरंग, हातात झेंडूचा हार.

बाबांनी हाराकडे बघितलं. "कुणाला?"

"तुम्हाला... म्हणजे... वाढदिवस ना," श्रीरंग म्हणाला आणि त्याने तो हार रिद्धीच्या गळ्यात घातला. तिच्या गुडघ्यापर्यंत आला. ती खूश झाली. म्हणाली, "अजून रविवार नाही आला, काका."

मला राग आला. चारचौघांसमोर मी श्रीरंगला नाही नाही ते बोललो. त्याने चूक कबूल केली, पण मेसेज त्याला काही केल्या पुसता येईना, वेळ टळून गेली होती. शेवटी त्याने खाली दुसरा टाकला: 'खुलासा. नरहरीदादा अद्याप हयात आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' माणसं आली होती ती अशीच कशी जाणार, म्हणून आईने चहा टाकला. बाबा खाटेवरून एकेकाकडे नीट बघत होते. कोण आलं, कोण नाही, मागे कोण उभं आहे. सगळे गेल्यावर म्हणाले, "बरीच."

आजारपणात पहिल्यांदा मी त्यांना समाधानाने डोळे मिटताना बघितलं.

गुरुवारी काम सुरू झालं. मला वाटलं होतं, बाबा नुसते बघत पडतील. कसले पडतात! डाव्या हाताचं एक बोट काय ते चालत होतं, तेवढ्यावर त्यांनी मला तीन दिवस नाचवलं.

"दोन लांब," म्हणाले. मी दोन लांब बांबू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. हा डायनासोरचा कणा.

"सात. आडव्या."

"सात कशाला, बाबा? पाचात भागेल. वर पुठ्ठाच तर लावायचाय."

"सात."

दोन्ही बांबूंवर आडव्या काठ्या टाकून प्रत्येक टोकाला काथ्या बांधायचा. दोन वेढे आडवे, एक तिरपा, गाठ खालच्या अंगाला दाबायची. मी पहिली गाठ मारून खाटेजवळ नेली. बाबांनी डाव्या हाताचं बोट गाठीत घालून ओढलं. गाठ निघून आली.

"सैल."

मी परत बांधली. "सैल." परत. "सैल." दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. रिद्धीला हा खेळ फार आवडला. आबांना बोट पोचेना तिथे तीच डाव्या हाताचं बोट घालून ओढायला लागली आणि बाबांच्याच आवाजात मला सांगायला लागली, "सैल, पप्पा." गोदामात चौदा माणसं मला सर म्हणतात. पण घरी पाच वर्षांची पोरगी माझं काम नापास करत होती आणि पलंगावरचा म्हातारा मान डोलावत होता.

पॉलकाका बघायला आले. ते आणि बाबा लहानपणापासूनचे मित्र. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू नुसती बघता येत नाही.

"भावेश, हा कुठला डायनासोर?"

"काका, डायनासोर. हिरवा."

"असं नसतं रे. मांसाहारी असेल तर दोन पायांवर उभा पाहिजे, पुढचे हात आखूड. शाकाहारी असेल तर मान लांब. मुलांना चुकीचं दाखवू नये." मग ते कण्याभोवती एक फेरी मारून आले. "नरहरी," ते म्हणाले, "हे काय करतोयस तू?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "डायनासोर," म्हणाले.

 पॉलकाकांसारखा माणूस विज्ञानाचा मुद्दा अर्धवट सोडून खाली बसतो आणि दोरी धरायला मदत करतो, हे विचित्रच होतं. पण मी इतका वैतागलो होतो की लक्ष दिलं नाही. संध्याकाळी कणा झाल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला, तर बाबा म्हणाले, "सोड."

"काय सोड?"

"सगळं. परत बांध."

मी तेव्हा बाबांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. मरायला टेकलेल्या माणसाला कुणी तसं बोलू नये. मी बोललो. डायनासोर लोक जिवंत असताना इतके पक्के असते तर मेले नसते, असंही बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डावं बोट परत कण्याकडे केलं. मी सगळं सोडलं आणि परत बांधलं.

शुक्रवारी सकाळी फोन आला. "बॉडी कधी आणताय?"

श्रीरंगने बुधवारी स्मशानात लाकडांची नोंद करून ठेवली होती आणि दुखवट्याच्या गडबडीत रद्द करायला विसरला होता. फोनवर रद्द होत नाही म्हणाले, ऑफिसला या. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जावं लागणार, हे तेव्हाही माहीत होतं. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर उघडलं.

"मयताचं नाव?"

"मयत नाहीत. तेच सांगायला आलोय."

"नाव तर मयतांच्या रकान्यात आहे."

"चुकून लागलंय. वडील जिवंत आहेत, घरी डायनासोर बनवतायत."

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "रद्द करण्याचं कारण लिहा. अर्ज द्या. आणि जिवंत असल्याचा पुरावा लागेल."

"त्यांना इथे आणू का?"

"आणता कशाला? डॉक्टरचं लिहून आणा."

मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आज जिवंत आहेत असं लिहून देतो, पण आजचीच तारीख टाकीन. कागद घेऊन परत आलो तर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपल्यावर बाईंनी रजिस्टरमध्ये बाबांच्या नावावर रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'सध्या नाही.' मी म्हटलं, मॅडम, 'सध्या' कशाला? त्या म्हणाल्या, "मग काय 'कधीच नाही' लिहू? माझी नोकरी घालवता का?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

शनिवारी सकाळी कणा आणखी एकदा सोडून बांधल्यावर मी गोदामातून रिकामी खोकी आणली, नेत्राने त्यांचे खवले कापून हिरवे रंगवले. रंग पातळ झाला, त्यामुळे डायनासोरच्या पोटावर 'जपून हाताळा' आणि 'ही बाजू वर' असं लांबून वाचता येत होतं. कणा चार बांबूंच्या पायांवर चढवला, खाली मुलं शिरतील एवढी जागा राहिली. डोकं म्हणजे पेंढा भरलेली उलटी टोपली. ती मी घाईने एकट्याने बांधली, बाबांना न दाखवता. माणसाला थोडा तरी स्वाभिमान असतो की नाही?

टबातल्या हाडांचं काय, हा प्रश्न पॉलकाकांनी सोडवला. त्यांच्याकडे खऱ्याशिवाय चालत नाही. बेटीमावशींनी आठवडाभरातल्या कोंबडीची आणि मटणाची हाडं सोड्यात उकळून, उन्हात वाळवून डबा भरून पाठवली होती. पांढरी स्वच्छ. आईने डबा उघडला आणि देवघरात जाऊन बसली.

रविवारी चार वाजता बारा मुलं आली. सगळ्यांना शेपट्या बांधल्या. बाबांची खाट आम्ही चौघांनी उचलून अंगणात आणली. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं आणि श्वासाला आवाज येत होता, पण डोळे उघडे होते. मी दर पाच मिनिटांनी त्यांच्या छातीकडे बघत होतो. नेत्रा मुलांना टाळ्या वाजवायला सांगत होती आणि तीही तिकडेच बघत होती.

आधी हाडांचा खेळ झाला. बारा मुलं टबाभोवती उकिडवी बसून वाळूतून हाडं वेचत होती आणि वेचलेली हाडं गळ्याला पांढरं कापड बांधलेल्या मडक्यात टाकत होती. नेमकी तेव्हाच भिवंडीहून माझी मावशी आली. तिला श्रीरंगचा पहिला मेसेज मिळाला होता, दुसरा मिळाला नव्हता. फाटकातून तिला दिसलं अंगण, मडकं, पांढरं कापड आणि अस्थी गोळा करणारी, शेपट्या लावलेली मुलं. तिने हंबरडा फोडला तो आळीच्या टोकापर्यंत गेला. आई धावली. मावशीला धरून तिने खाटेपाशी आणलं, मावशीने बाबांना बघितलं, बाबांनी मावशीला बघितलं, आणि ती दुसऱ्यांदा किंचाळली. पहिल्यापेक्षा जोरात.

त्या गोंधळात ज्वालामुखी राहूनच गेला, कारण मडकं हाडांनी भरलं होतं. मग सगळी पोरं एकदम डायनासोरकडे पळाली. सहा जण खाली शिरले, चार जण कण्याला लोंबकळले, आणि डोकं सुटलं. टोपली गरगरत आली ती मुलांना शुभेच्छा द्यायला उभ्या असलेल्या श्रीरंगच्या खांद्यावर आदळली. पेंढा त्याच्या तोंडात गेला. मुलं खिदळली. मी म्हटलं, आता सगळाच कोसळणार, आणि डोळे मिटून घेतले.

कणा हलला नाही. वर चार दांडगी पोरं, एकजण तर चक्क झोके घेत होता, पण सातही काठ्या जागच्या जागी. रिद्धी पोटातून रांगत बाहेर आली, डोक्यावर अंड्याचं कवच, आणि खाटेसमोर उभी राहून ओरडली, "आबा, मी जन्मले!"

बाबा हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. मग बोटाने मला खूण केली. खाट डायनासोरजवळ सरकवून घेतली, डावा हात महत्प्रयासाने उचलला आणि एका गाठीत बोट घालून ओढलं. गाठ तसूभर हलली नाही. बाबांनी हात खाली ठेवला. बोलले मात्र काही नाही. मी वाट बघत उभा राहिलो. केक कापून झाला, मुलं शेपट्या घेऊन घरी गेली, तरी मी मनातून वाट बघत होतो. तीस वर्षं माझ्या हाताला गाठ नाही म्हणणाऱ्या माणसाचं 'घट्ट' म्हणायला काय जात होतं? एक शब्द तर होता. मला फार वाईट वाटलं, आणि या वयात वाटलं याची लाजही वाटली.

त्यानंतर बुधवारी सकाळी बाबा गेले. आई चहाची बशी घेऊन आली तेव्हा शांत होते. डायनासोर अजून अंगणात उभा होता, बिनडोकाचा.

श्रीरंगला मी स्वतः फोन केला. त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना? तू बघितलंस ना?" मग मेसेज टाकला. या वेळी गावाने विश्वासच ठेवला नाही. एकाने उत्तर पाठवलं, 'केक कधी?' दुसऱ्याने हसऱ्या तोंडांची रांग पाठवली. दहा वाजले तरी अंगणात कुणी नाही. आदल्या बुधवारी, जिवंतपणी, चाळीस माणसं आली होती. शेवटी पॉलकाका काठी टेकत घरोघर गेले आणि दारात उभं राहून सांगून आले, तेव्हा माणसं आली. खाली माना घालून आली. ऑफिसातल्या बाईंना फोन केला, तर त्यांनी रजिस्टर उघडल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "या वेळी खरं ना?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "सॉरी हं."

बांबू आले. काथ्या आला. सगळी माणसं ते मध्ये ठेवून भोवती उभी राहिली आणि एकमेकांकडे बघायला लागली. चाळीस वर्षं गावात तिरडी बांधणारा एकच माणूस होता, आणि तो आत फरशीवर पडला होता. श्रीरंग पुढे झाला, फोनवर कुठलासा व्हिडिओ लावून त्याने आणि दोघांनी बांधायला घेतलं. काठ्या वाकड्या पडल्या. एक टोक उचलून बघितलं तर मधलीच काठी निसटून खाली पडली. कुणीतरी म्हणालं, टेपने गुंडाळू या.

मी उठलो.

"तू कर्ता आहेस, तू बांधू नयेस," श्रीरंग म्हणाला. आणखी दोघं तेच म्हणाले.

"बांधू दे त्याला," पॉलकाका म्हणाले. "त्याला येतंय."

मी दोन लांब बांबू शेजारी शेजारी ठेवले. सात आडव्या काठ्या मोजून घेतल्या. दोन वेढे आडवे, एक तिरपा, गाठ खालच्या अंगाला. हाताला विचारावं लागलं नाही. तिसऱ्या गाठीला मला कळलं की डायनासोरला सात काठ्या कशाला लागतात, हे मी त्या दिवशी विचारलं होतं आणि मला उत्तर मिळालं नव्हतं. म्हाताऱ्याने मला फसवलं. तीन दिवस खाटेवर पडून स्वतःची तिरडी माझ्याकडून बांधून घेतली, सोडवून घेतली, परत बांधून घेतली, आणि मी त्यांना नको नको ते बोललो. मला मोठ्याने रडू आलं. पण हात थांबवता येत नव्हते, दोरी सैल पडली असती. म्हणून मी रडत रडत बांधत राहिलो आणि कुणीही मला सल्ला दिला नाही.

बांधून झालं तेव्हा रिद्धी नेत्राचा हात सोडून माणसांच्या पायांमधून आत आली. बायका "अगं, अगं, इकडे नको," म्हणाल्या. तिने कुणाचं ऐकलं नाही. तिने कणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला.

"पप्पा, आबांच्याला पाय नाही लावायचे?"

"नाही गं. आज आपणच पाय."

ती खाली बसली. डाव्या हाताचं बोट एका गाठीत घातलं आणि दात आवळून ओढलं. मग दुसऱ्या गाठीत. मग तिसऱ्या. सगळं गाव थांबून राहिलं. चौदाही गाठी बघून झाल्यावर ती उठली आणि आबांच्या आवाजात म्हणाली, "घट्ट."

मग आम्ही बाबांना बाहेर आणलं.